टीव्हीला दोनदा नको म्हणणारं गाव

परवा भाच्याला घेऊन मालवणातल्या दांडीच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, बघायला गेलेलो. शेजारचे आबा त्याला म्हणाले, "झिला, दोरी ओढूक येतंस?" आणि सात वर्षांचं ते मालवणातलं पोर माझ्या तोंडाकडे बघत राहिलं, मामा हे काय म्हणतायत म्हणून. दिवसभर हिंदी कार्टून, दुसरं काय होणार. मला खरंच वाईट वाटलं.

तेव्हा इग्लूलिक आठवलं. कॅनडाच्या पार उत्तरेला, एका छोट्या बेटावरचं इन्युइट लोकांचं गाव. १९७० च्या दशकात सॅटेलाइटवरून तिकडे टीव्ही पोचला, पण त्यात त्यांच्या इनुक्टिटुट भाषेचं जवळपास काहीच नव्हतं, म्हणून गावाने चक्क मतदान घेतलं आणि टीव्ही नको म्हणून सांगितलं, १९७५ ला एकदा आणि १९७९ ला परत! १९८२ च्या सुरुवातीला इन्युइट ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनचे कार्यक्रम लागायला लागले, आणि मग १९८३ मध्ये गाव हो म्हणालं.

त्याच गावचे झकारियास कुनुक. दगडात मूर्ती कोरायचे, त्या विकून १९८१ मध्ये व्हिडिओ कॅमेरा घेतला. १९९० मध्ये सोबत्यांबरोबर इसुमा ही कंपनी काढली आणि १९४० च्या दशकातलं आपलंच गाव दाखवणारी १३ भागांची मालिका केली. नट गावातलेच. शिकार कशी करायची, बर्फाचं घर कसं रचायचं, हे सगळं खरोखर करत करत, त्यांच्याच भाषेत. मला यातलं हे फार आवडतं, की शब्द कामासकट येतो, हातात काय चाललंय ते बघताना पोराला शब्दाचा अर्थ वेगळा सांगायलाच लागत नाही. २०२१ पासून तर उवागुट टीव्ही हे त्यांच्या भाषेतलं २४ तासांचं चॅनलच आहे.

आपली मालवणी टीव्हीवर येते ती बहुतेक वेळा हसवायला. गाऱ्हाणं घालणारा नायतर भांडणारी म्हातारी. पण मतलई वारा सुटला की होडी कधी काढायची, पाग, म्हणजे हाताने टाकायचं जाळं, गोल कसा फेकायचा, हे मालवणीत शांतपणे सांगणारा पोरांचा एक तरी कार्यक्रम कोणी केलाय का? आमच्या आबांना हे सगळं तोंडपाठ आहे आणि त्यांचं वय ऐंशीच्या पुढे गेलंय.

म्हणून काल विचारलं, आबा, रविवारी मोबाईलवर शूटिंग करू का, पोराला पण आणतो. तर म्हणाले, "ये, पण फाटफटी ये, उशीर केलंस तर रापण थांबाची नाय."