एक कोयता, दोन माणसे

दसरा सरला की आमच्या मराठवाड्यातल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील गावे रिकामी होऊ लागतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत असताना दरवर्षी माझ्या वर्गातील कितीतरी मुले आईबापांबरोबर पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊसतोडीला निघून जाताना मी पाहिली आहेत. त्या दिवसांत मजूर जमवणाऱ्या मुकादमांच्या तोंडी सतत असणारा ‘कोयता’ हा शब्द सुरुवातीला मला नुसता ओळखीचा होता. पुढे तो असह्य होत गेला. ऊसतोडीच्या व्यवहारात कोयता म्हणजे केवळ हत्यार नव्हे, तर नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, कोयत्याला मिळते आणि ती नवऱ्याच्या हाती पडते, कारण मुकादमाच्या वहीत बाई स्वतंत्र माणूस म्हणून नसतेच. ती पहाटे भाकरी थापून फडात जाते, उसाच्या मोळ्या बांधते, त्या डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत वाहते, कोपीवर, म्हणजे झोपडीवर, परतून पुन्हा चूल पेटवते आणि हिशेबात मात्र अर्धा कोयता ठरते.

मुली शिकल्या, सरपंच झाल्या, आता स्त्रीवाद कशाला, असे मला अनेक सुशिक्षित परिचित विचारतात. माझ्या मते स्त्रीवादाचा पहिला प्रश्न मोजणीचा आहे, म्हणजे बाईला एक पूर्ण माणूस म्हणून मोजायचे की नाही याचा आहे. आणि कोणाला मोजायचे, कोणाच्या नावावर काय लिहायचे हे ठरवणे म्हणजेच तर राजकारण.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा २०१९ मध्ये राज्यभर झाली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीसमोर आलेल्या आकडेवारीनुसार ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. यात डॉक्टरांचा लोभ होता, अज्ञान होते, हे खरेच. परंतु पाळीच्या दिवसांत, गरोदरपणात किंवा आजारपणात काम बुडले तर ‘खाडा’ धरून पैसे कापले जातात, फडावर ना शौचालय असते ना आडोसा, ही कारणेही तितकीच खरी आहेत. जिथे पाळी ही पगारातील कपात ठरते तिथे एखाद्या तिशीतल्या बाईला पिशवी काढून टाकणे हाच मोकळा होण्याचा मार्ग वाटावा, यात तिची चूक मला दिसत नाही. हा प्रश्न मजुरीचा, आरोग्याचा आणि स्थलांतराचा आहे, आणि म्हणूनच तो विधानसभेचा प्रश्न आहे.

तिथवर तो पोहोचवायचा कोणी? महाराष्ट्राने स्थानिक संस्थांमध्ये स्त्रियांसाठी १९९० मध्ये ३० टक्के जागा राखल्या, ७३व्या घटनादुरुस्तीने त्या देशभर एक-तृतीयांश झाल्या आणि २०११ पासून राज्यात निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. या बदलाने मराठवाड्यातील हजारो बायकांना उंबरठ्याबाहेर आणले. त्याला दिखाऊ म्हणून हिणवणाऱ्यांशी मी कधीच सहमत होणार नाही. तरीही कोयत्याचा हिशेब ग्रामपंचायतीतही शिरलाच. फलकावर बाईचे नाव असते आणि बैठकीत तिचा नवरा बोलतो, इतक्या सर्रास, की या ‘सरपंच-पतीं’वर उपाय शोधण्यासाठी केंद्रीय पंचायतराज मंत्रालयाला २०२३ मध्ये समिती नेमावी लागली. वरच्या पायरीवर तर जागाच थोड्या आहेत. लोकसभेच्या ५४३ जागांपैकी २०२४ मध्ये ७४ जागी स्त्रिया निवडून आल्या. संसदेने २०२३ मध्ये मंजूर केलेले एक-तृतीयांश आरक्षण जनगणना आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेशी बांधले गेले, त्यामुळे त्या निवडणुकीत त्याचा काहीच उपयोग झाला नाही.

‘लाडकी बहीण’ योजनेविषयी मी सावधपणे लिहिते. दरमहा १,५०० रुपये बाईच्या स्वतःच्या खात्यावर येणे ही आमच्या भागात लहान गोष्ट नाही. औषधासाठी नवऱ्यापुढे हात पसरावा न लागण्याचे मोल ज्यांना कधी हात पसरावा लागला नाही त्यांना कळणार नाही. पण ओवाळणी देणे हे भावाच्या मर्जीवर असते आणि मजुरी हा हक्क असतो. आज प्रत्येक पक्ष बाईला बहीण म्हणतो; ती कामगार आहे, शेतकरी आहे, सातबाऱ्यावर तिचे नाव हवे, हे बोलण्याची वेळ आली की आवाज खाली येतो.

ग्रामसभेआधी स्त्रियांची वेगळी सभा घ्यावी असा नियम आहे. आमच्या गावात ती बहुधा कागदावरच होत असे. गेल्या खेपेस आम्ही काही जणींनी घरोघरी सांगून बायका जमवल्या. पाण्याचा विषय झाला, अंगणवाडीचा झाला, आणि मग माझीच एक जुनी विद्यार्थिनी, जी चौथीनंतर शाळेत आलीच नाही, ती उभी राहिली. “बाळंतपणाचा खाडा माझ्या अंगावर धरत्यात, मग उचल माझ्या नावावर का लिहीत न्हाईत?” असे तिने विचारले. हा विषय पंचायतीच्या कक्षेत येत नाही, असे उत्तर मिळाले. कक्षेत येवो न येवो, प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्या, असे म्हणून बायका बसून राहिल्या. दिवेलागणीपर्यंत कोणी हलले नाही. शेवटी तो लिहिला गेला, आणि विचारणारीचे नाव तिच्या नवऱ्याच्या नावाआड न जाता त्याच्यापुढे आले.