उदमांजर माळवदावर, सातबारा शेताचा

आमचं घर जुनं, माळवदाचं, म्हणजे वर लाकडावर मातीचं सपाट छत. गळायला लागलं तसे वडिलांनी वरून पत्रे टाकले. त्या दोन्हींच्या मधल्या हातभर पोकळीत उदमांजरानं संसार थाटला. रात्रभर धडधड, आणि सकाळी किलचांच्या (मातीखालच्या लाकडी पट्ट्यांच्या) फटींतून पडलेली पांढरी माती अंथरुणावर.

ग्रामपंचायतीनं हात वर केले, वन विभागाकडं जा म्हणाले. गेलो. बाबूनं अर्ज उलटापालटा केला. "सातबारा कुठंय?"

"साहेब, घर गावठाणात आहे. त्याला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना 8 लावलाय की."

"मग गट नंबरच्या रकान्यात काय लिहू? रकाना मोकळा ठेवता येत नाही. शेताचा आणा."

शेतात उदमांजर नव्हतं हो, डोक्यावर होतं! तरी नेला. तर म्हणे, आता पिकाचं नुकसान लिहा, तलाठ्याचा पंचनामा जोडा. माझ्या माळवदावर कोणतं पीक लिहू, तूर का सोयाबीन? साहेब दौऱ्यावर, बाबू जेवायला, शिक्का कपाटात. पोच द्यायलासुद्धा "उद्या या". उन्हाळा सरत आला, मिरग तोंडावर, आणि मी त्या बाकड्यावर.

शेवटी चिडून वन विभागाच्या 1926 या हेल्पलाइनला फोन लावला. त्यानंतर वनरक्षक घरीच आले. भला माणूस. म्हणाले, "दादा, धरून नेलं तर दुसरं येईल. वाट बंद करा. पण आधी आत पिलं आहेत का बघा."

साण्याजवळ (माळवदातल्या उजेडाच्या भोकाजवळ) आणि पत्र्याच्या कडेला चुलीतली राख पसरली. सकाळी पावलं उमटली, वाट कळली. पिलं मोठी होऊन आईमागं बाहेर पडेपर्यंत कळ काढली. मग दोन रात्री राख कोरी राहिली, तेव्हा अर्धा इंची वेल्डमेश जाळी पत्र्याच्या नाळीत दाबून स्क्रूनं आवळली. साधी कोंबडीजाळी नको, ती दातानं तुटते. पिलं आत असताना वाट बुजवली तर आई सगळं माळवद उकरते.

विष तर घालूच नका. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, शिवाय मेलेलं जनावर किलचांवर कुजलं तर काढणार कोण?

घरावर आलेली कडुलिंबाची फांदी आधी छाटायला हवी, ते सांगायचं राहिलं. पत्र्यापासून चांगली लांब ठेवा, नाहीतर वानरं त्याच फांदीवरून पत्र्यावर उड्या मारतात आणि स्क्रू ढिले करतात.