मध्यरात्र नेमकी कोणत्या दिवसाची?

सैन्यात मी कारकून होतो. अधिकाऱ्यांनी तोंडी सांगितलेले कागदावर उतरवणे, मसुदे तयार करणे आणि निरोप वेळेत रवाना करणे, हेच माझे आयुष्यभराचे काम. निवृत्तीनंतर पुण्यात, खडकीला, स्थायिक झालो. लष्करी पत्र संक्षिप्त असावे, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवले गेले होते. संक्षिप्त म्हणजे नेमके काय, हे मात्र एका चुकीनंतर समजले.

एका युनिटमध्ये असताना मी लिहिलेल्या निरोपात, ‘गाड्या १५ तारखेच्या मध्यरात्री रेल्वे स्थानकावर पोहोचाव्यात,’ असे वाक्य होते. माझ्या मनात १४ आणि १५ यांच्यामधली मध्यरात्र होती, तर वाचणाऱ्याने १५ आणि १६ यांच्यामधली धरली. ज्यांना न्यायला त्या गाड्या हव्या होत्या, ते सुटीवरून परतलेले जवान थंडीत रात्रभर फलाटावर बसून राहिले. लष्करात रात्रीचे बारा लिहिण्याचे टाळून २३५९ (बाराला एक मिनिट कमी) किंवा ०००१ (बारा वाजून एक मिनिट) असे का लिहितात, ते त्या सकाळी मला उमगले. एका मिनिटाच्या फरकाने तारखेबद्दलची शंका उरत नाही. माझा निरोप एका ओळीचा होता, सुटसुटीत दिसत होता आणि अपुरा होता.

आखूड आणि स्पष्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा सर्वांत दुःखद दाखला २५ ऑक्टोबर १८५४ रोजी क्रिमियातील बालाक्लाव्हाच्या लढाईत मिळाला. ब्रिटिश सरसेनापती लॉर्ड रॅग्लन यांची घोडदळाला गेलेली आज्ञा तीन-चार वाक्यांचीच होती: वेगाने पुढे जावे आणि शत्रूला तोफा नेऊ देऊ नयेत. रॅग्लन उंचावर उभे होते, त्यामुळे कोणत्या तोफा, हे त्यांना समोर दिसत होते. आज्ञा ज्यांच्या हाती पडली ते घोडदळाचे प्रमुख लॉर्ड लुकन मात्र खाली दरीत होते आणि तेथून त्या तोफा दिसतच नव्हत्या. परिणामी सुमारे ६७० स्वार दरीच्या टोकाला असलेल्या रशियन तोफखान्यावर चालून गेले आणि त्यांपैकी शंभराहून अधिक मारले गेले. वाचणारा कोठे उभा आहे आणि त्याला तेथून काय दिसते, याचा विचार लिहिणाऱ्याने केला नाही, तर शब्द कमी करून काहीही साधत नाही.

याउलट छत्रपती शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना लिहिलेले पत्र पाहावे. ते आखूड नाही, तरीही मी त्याला लष्करी पत्राचा नमुना मानतो. पावसाळ्यासाठी साठवलेले दाणावैरण आताच बेपर्वाईने संपवले, तर पुढे मिळणार नाही, घोडी मरतील, मग शिपाई रयतेच्या घरातून धान्य-लाकूडफाटा उचलतील आणि रयतेला मोगल बरे वाटू लागतील, अशी कारणपरिणामांची साखळी त्यात एकेक कडी जोडून मांडली आहे. रात्री दिवा जळता ठेवला, तर उंदीर वात नेईल आणि गवताला आग लागेल, इतक्या बारकाव्यापर्यंत ती सूचना जाते. आज्ञेमागचे कारण कळले, की आज्ञेत न लिहिलेला प्रसंग उद्भवला तरी हाताखालचा माणूस योग्य तेच करतो. शिवकालीन पत्राच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ ही मोर्तब असे, म्हणजे मजकूर येथे संपला आणि याखाली कोणी काही वाढवू नये. आजच्या पत्रात पानांवर क्रमांक घालतो आणि जोडपत्रांची संख्या लिहितो, तीही याच काळजीपोटी.

मराठीत लिहिताना आपली एक सवय मला फार खुपते. ‘योग्य ती कार्यवाही करण्यात यावी’ या वाक्यात कर्ता नाही, मुदत नाही आणि ‘योग्य’ कोणी ठरवायचे, तेही नाही. असे वाक्य दहा टेबलांवरून फिरते आणि प्रत्येकाला ते शेजाऱ्यासाठी लिहिलेले वाटते. कोणी, काय, कोठे आणि केव्हापर्यंत करायचे, हे पहिल्याच परिच्छेदात यावे, पार्श्वभूमी त्यानंतर. परिच्छेदांना क्रमांक द्यावेत, म्हणजे फोनवरून ‘परिच्छेद ३ पाहा’ एवढे म्हटले तरी पुरते.

आता वस्तीतील माजी सैनिक निवृत्तिवेतनाचे अर्ज घेऊन माझ्याकडे येतात. मागच्या महिन्यात एक वयोवृद्ध हवालदार तीन पाने लिहून घेऊन आले होते. पलटणीचा इतिहास, साहेबांची नावे आणि आजवर घातलेले हेलपाटे, सारे त्यात होते. मी ते पाऊण पानावर आणले आणि मग लक्षात आले, की एवढ्या मजकुरात त्यांचा सैन्य क्रमांकच नाही. विचारताच ते खुर्चीत ताठ बसले आणि एका दमात क्रमांक, हुद्दा, नाव म्हणून मोकळे झाले. मी तो क्रमांक विषयाच्या ओळीतच लिहिला.