आठशेची नोंद, भाग ७: हेड उचललं, रिबोअर टळलं

भाऊबीज आटोपून २६ ऑक्टोबरला माझ्या जुन्या मारुती ८०० नं रत्नागिरीहून निघालो. साखरपा मागे टाकून आंबा घाट चढायला लागलो आणि तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर सरकला. गेल्या काही वर्षांत या गाडीत तो तिथं कधी गेला नव्हता. पुढच्या दोन-तीन वळणांत तो लाल पट्टीला टेकला. गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि कशालाही हात न लावता चाळीस मिनिटं थांबलो.

नव्यांसाठी एवढंच सांगतो, की तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका. ते झाकण साधारण ०.९ किलोचा दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं पाणी ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब जातो, पाणी क्षणात उकळतं आणि उसळून अंगावर येतं. गाडी थंड झाल्यावर दीड लिटर पाणी बसलं. तिथून कोल्हापूरपर्यंत पन्नासच्या वर गेलो नाही.

गाडी तुम्हाला माहीत आहेच: जून १९९७ ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, बाबांनी नवी घेतलेली. १ लाख ३८ हजार किलोमीटर झालेत. मागच्या भागात ब्रेक पूर्ण झाले होते, आणि हिवाळ्यात फक्त रंगाकडे बघायचं असं ठरवलं होतं. ते आता पुढं गेलं.

सोमवारी गाडी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दाखवली. सल्लागाराने गाडी चालू केली, रेडिएटरमध्ये बुडबुडे बघितले, सायलेन्सरचा धूर बघितला आणि अर्ध्या तासात एस्टिमेट हातात दिलं: इंजिन ओव्हरहॉल, रिबोअर (सिलिंडर आतून कापून मोठं करणं), पिस्टन, रिंगा, बेअरिंग, सगळं धरून ४६,३०० रुपये. कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते) तपासलं का, असं विचारलं. ते इंजिन खोलल्यावर कळेल, असं उत्तर आलं.

मला राग आला, पण नंतर नीट विचार केला. तिथली मजुरी तासावर असते आणि प्रत्येक कामाचे तास आधीच ठरलेले असतात. क्लचला इतके, हेडला इतके. त्या तक्त्यात 'दोन तास बसून दोष शोधणे' ही ओळ सहसा नसते. शिवाय केलेल्या कामाची हमी द्यायची असते, त्यामुळे अर्धं जुनं, अर्धं नवं इंजिन त्यांना नकोच असतं. नव्या गाडीत स्कॅनर लावला की दोषाचा कोड येतो. माझ्या गाडीत स्कॅनर लावायला जागाच नाही. इथं कान, हात आणि गेज लागतं, आणि त्याला लागणारा वेळ बिलात कुठं लिहायचा हे कुणी ठरवलेलं नाही. मग जो भाग संशयात तो बदला, अशी पद्धत पडते. जुन्या गाड्या इंजिन संपल्यामुळे कमी आणि अशा एस्टिमेटमुळे जास्त भंगारात जातात, असं माझं मत झालंय. ४६ हजार म्हणजे ही गाडी विकून जेमतेम येतील तेवढे पैसे. तो कागद बघून कुणीही म्हणेल, काढून टाका.

रविवारी, २ नोव्हेंबरला, मामांकडे गेलो. मामा म्हणजे आपले मिस्त्री. मागच्या भागांत त्यांचा उल्लेख आहे. त्यांनी तिन्ही प्लग काढले, मला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायला सांगितलं आणि एकेका सिलिंडरला गेज लावून स्टार्टर मारायला लावला. पहिल्यात १६८ पीएसआय, दुसऱ्यात ११२, तिसऱ्यात १०८.

"सर, दोन आन् तीन शेजारी शेजारी पडल्यात. ह्ये लक्षात ठेवा," मामा म्हणाले. "आता तेल टाकून बघू."

प्लगच्या भोकातून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडलं आणि पुन्हा मोजलं: १७४, ११६, ११२. हा ओला आणि कोरडा फरक समजून घ्या, कारण माझे सगळे पैसे इथं वाचले. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर तेल त्यांच्याभोवतीची फट तात्पुरती बुजवतं आणि आकडा चांगलाच चढतो. इथं चार-सहाच पीएसआय चढले. म्हणजे रिंगा ठीक आहेत. हवा वरून जातेय, व्हॉल्व्हमधून किंवा हेड (इंजिनाचा वरचा भाग) आणि ब्लॉक यांच्यामधल्या गॅस्केटमधून. आणि शेजारची दोन सिलिंडर सारखीच पडली असतील तर पहिला संशय त्या दोघांमधल्या गॅस्केटच्या अरुंद पट्टीवर घ्यायचा.

"रिबोअर कशाला पायजे? हेड उचलूया," मामा म्हणाले आणि हात पुसायला गेले. या सगळ्याला पावणेदोन तास लागले होते. मी विचारलं, आजचे किती द्यायचे?

"बघायचं कसलं पैसं, सर? काम झाल्यावर बघू की."

मी तिथंच ८०० रुपये ठेवले. त्यांना ते घ्यायला अवघड वाटत होतं, हे दिसत होतं. पण मला यावर ठाम बोलायचंय, कारण आपल्यातले बरेच जण मजुरीत घासाघीस करतात आणि मग 'चांगले मिस्त्री राहिले नाहीत' म्हणतात. बघण्याचे पैसे आपण देत नाही, म्हणून मिस्त्रीला ते पार्टच्या कमिशनमधून काढावे लागतात. कमिशनवर पोट असलं की पार्ट बदलण्याकडे कल जाणारच, त्यात त्याची नियत वाईट असायचं कारण नाही. कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्युटर हातानं ओळखणारी माणसं आता साठीला आलीत. त्यांच्या हाताखालच्या पोरांना या कामात पैसा दिसला नाही तर ती शिकणार नाहीत, आणि दहा वर्षांनी आपल्या गाड्या बघायला कुणी नसेल. माझा नियम आता पक्का आहे: निदानाचे वेगळे पैसे, काम त्यांच्याकडे केलं तरी आणि नाही केलं तरी.

मंगळवारी हेड उचललं. गॅस्केटची दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरमधली पट्टी जळून काळी झाली होती आणि मधोमध नखाएवढा तुकडा गायब होता. मामांचा अंदाज तंतोतंत.

पण गॅस्केट उडालं कशामुळे, हा खरा प्रश्न. थर्मोस्टॅटचं (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप) हाउसिंग उघडलं तर आत थर्मोस्टॅटच नव्हता! काही वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये 'गाडी थोडी गरम होते' म्हणून दिली होती, तेव्हाच तो काढून टाकला असणार. हा उपाय आपल्याकडे सर्रास चालतो आणि तो चुकीचा आहे. थर्मोस्टॅट काढला की सपाटीवर काटा खाली राहतो आणि गाडी सुधारल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात इंजिन कधी नीट तापतच नाही, चोक जास्त वेळ ओढावा लागतो, पेट्रोल जास्त जळतं, सिलिंडरची झीज वाढते. माझं ॲव्हरेज सतरावरून चौदावर का आलं, ते आता कळलं. आणि मूळ दुखणं तसंच झाकलेलं राहतं.

मूळ दुखणं रेडिएटरमध्ये होतं. इतकी वर्षं आम्ही त्यात बोअरचं पाणी भरत आलो. माझा रेडिएटर तांब्या-पितळेचा, त्यामुळे दुरुस्त होणारा. रेडिएटरवाल्यानं वरची टाकी डाग (सोल्डर) काढून उघडली तेव्हा जवळजवळ निम्म्या नळ्या पांढऱ्या क्षाराने बुजलेल्या होत्या. बंबाच्या आत साचतो तसा थर. त्यानं प्रत्येक नळीतून पातळ सळई फिरवून सगळं साफ केलं, टाकी पुन्हा डागली आणि हवा भरून पाण्यात बुडवून दाखवली. या रॉडिंगचे १,३०० रुपये.

हेड घेऊन उद्यमनगरला गेलो. कोल्हापुरात राहण्याचा हा मोठा फायदा आहे. ऑइल इंजिन आणि ओतकामाच्या जिवावर वाढलेल्या या भागात लेथ, ग्राइंडर, बोअरिंग सगळं हाकेच्या अंतरावर मिळतं. कारागिराने हेड पालथं घातलं, त्यावर सरळपट्टी आडवी, उभी आणि तिरकी धरली आणि खालून फीलर गेजची पाती सरकवून बघितली. ०.०५ चं पातं सहज गेलं. ०.०८ चंही गेलं. ०.१० चं दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये अडकून थांबलं. ०.०५ मिमीच्या वर वाक असेल तर फेसिंग करायचं, म्हणजे घासून सपाट करायचं असतं. ग्राइंडरवर अगदी बारीक कट घेतले, पट्टी पूर्ण बसेपर्यंतच. ॲल्युमिनियमचं हेड जास्त घासलं तर कॉम्प्रेशन वाढतं आणि पुढच्या वेळी घासायला काही उरत नाही. ७०० रुपये झाले. ब्लॉकची पातळी मामांनी जागेवरच तपासली, ती ठीक निघाली.

व्हॉल्व्ह मी स्वतः लॅप केले, म्हणजे त्यांच्या बैठकीवर (सीटवर) घासून घट्ट बसवले. सहा व्हॉल्व्ह, एकेकाला पंधरा-वीस मिनिटं. सीटवर लॅपिंग पेस्टचा बारीक थर लावायचा, रबरी वाटीची काठी व्हॉल्व्हच्या तोंडाला चिकटवायची आणि दोन्ही तळव्यांत धरून रवीनं ताक घुसळावं तशी फिरवायची. सुरुवातीला खरखर येते. हळूहळू आवाज मऊ होत जातो, आणि तो बदलला की व्हॉल्व्ह उचलून बघायचा. तोंडाच्या कडेला सगळीकडे सारख्या रुंदीचं राखाडी कडं दिसलं पाहिजे. चौथ्या व्हॉल्व्हला एका बाजूला कडं तुटत होतं, तो तीनदा करावा लागला. शेवटी पेस्टचा कणही राहू नये म्हणून सगळं धुऊन पोर्टमध्ये पेट्रोल भरून ठेवलं. दहा मिनिटांत एक थेंबही झिरपला नाही.

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी घरी दोऱ्याला बांधून पातेल्यात सोडला, शेजारी थर्मामीटर. ८२ अंशांच्या जवळ तोंड उघडायला लागलं. नवा भागही आधी तपासून घ्या. जुळणी शनिवारी झाली. हेडचे बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्यानेच. टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर नवे, कारण हेड काढताना बेल्ट निघतोच, आणि त्यासाठी वेगळी मजुरी कशाला द्यायची. चोक ओढला, तिसऱ्या स्टार्टरला इंजिन धरलं. पुन्हा कॉम्प्रेशन घेतलं: १७२, १७०, १७०.

हिशेब विचारणारे बरेच असतील, म्हणून पूर्ण देतो. गॅस्केट सेट सीलसकट १,१५०, थर्मोस्टॅट ३८०, टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर १,३५०, पाण्याचा पंप आणि अल्टरनेटर फिरवणारा पट्टा १८०, दोन होज ४२०, रेडिएटरचं झाकण १५०, कूलंट ५६०, डिस्टिल्ड वॉटर १२०, ऑइल आणि फिल्टर १,२४०. पार्टचे ५,५५० झाले. रॉडिंग आणि फेसिंग मिळून २,०००. मामांची मजुरी ४,५००, निदानाचे ८००. एकूण १२,८५०. मजुरी मामांनी ३,५०० सांगितली होती, हजार मी वाढवून दिले. पार्ट मी स्वतः पक्क्या बिलावर आणले. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे, आधी बऱ्याच भागांवर २८ होता. जुना दर सांगणारा दुकानदार भेटला तर बिल मागा.

जून २०२७ ला आरसी नूतनीकरण आहे. २०२२ ला फी ५,००० भरली होती. आता वीस वर्षांवरच्या मोटारीला ती १०,००० झालीय, शिवाय पर्यावरण कर आणि फिटनेस. त्यासाठी मी या महिन्यापासून दरमहा ८०० रुपये वेगळे टाकतोय.

१६ तारखेला सकाळी पन्हाळ्याला गेलो. आईला पुढं बसवलं होतं. वाघबीळच्या पुढे चढ लागला तेव्हा माझं सगळं लक्ष काट्यावर होतं. तो अर्ध्याच्या किंचित खाली आला आणि तिथंच राहिला. तीन दरवाज्यापाशी गाडी बंद केली, बॉनेटवर हात ठेवला, ऊन लागावं एवढंच गरम होतं. परतताना डाव्या पुढच्या चाकातून खड्ड्यात टकटक ऐकू आली, लोअर आर्मचा बुश (चाकाच्या जोडणीतलं रबर) असावा. पुढच्या रविवारी मामांकडे बघायला नेतोय.