आईची नोंदवही आणि माझा आलेख

तारकर्लीत आमच्या घरी निवास-न्याहारीच्या चार खोल्या आहेत. येत्या पंधरवड्यात किती पाहुणे येतील, याचा अंदाज समाजमाध्यमांवरून बांधता येतो का, हे मी गेल्या वर्षी तपासून पाहिले. मालवण व तारकर्लीविषयीच्या सार्वजनिक पोस्ट, लिहिणाऱ्यांची नावे वगळून, आठवडावार मोजायच्या आणि आईच्या नोंदवहीतील मुक्कामांशी ताडायच्या, एवढीच योजना होती.

पहिला महिना निवडटिपणातच गेला. 'मालवणी' या शब्दासरशी मुंबईतील मालाडची मालवणी वस्ती आणि मालवणी मसाल्याच्या जाहिरातीही रापणीत आल्या. गणपतीत तर पोस्टचा पूर लोटला, पण खोल्या रिकाम्याच राहिल्या, कारण चाकरमानी आपल्या घरीच उतरतात.

त्यानंतर आलेख इतका सुरेख जुळला की मी हुरळून गेलो. मात्र दोन्ही रेषा आठवड्याने मागेपुढे सरकवल्यावर लक्षात आले की लोक छायाचित्रे घरी परतल्यावर टाकतात. म्हणजे माझा 'अंदाज' होऊन गेलेल्या गर्दीचाच होता.

याच सुमारास गूगल फ्लू ट्रेंड्सविषयी वाचले. लोक काय शोधतात यावरून फ्लूची साथ ओळखणारी ही सेवा 2008 मध्ये सुरू झाली, 2012-13 च्या हंगामात तिचे आकडे प्रत्यक्षापेक्षा बरेच फुगले आणि 2015 मध्ये ती थांबली. सरकारी आरोग्य यंत्रणेचे दोन आठवडे जुने आकडे नुसते पुढे ओढले असते, तरी अंदाज अधिक बरा आला असता, असे संशोधकांनी 2014 मध्ये दाखवून दिले. मग मीही माझ्या आलेखाची झुंज आईच्या वहीशी लावली. दिवाळी दरवर्षी इंग्रजी तारखेने सरकते, म्हणून आई तारखेऐवजी सणावरून मागचे वर्ष पाहते, आणि बहुतेक आठवड्यांत तिचाच अंदाज सरस ठरला (तिने तो मला बरेच दिवस ऐकवला).

फरक पडला तो छायाचित्रे सोडून केवळ प्रश्न मोजू लागल्यावर. 'किल्ल्याची होडी सुरू झाली का', 'समुद्र शांत आहे का' असे विचारणारा माणूस अजून निघायचा असतो. पावसाळ्यानंतर होड्या केव्हा सुटतील हे त्या वर्षीच्या समुद्रावर ठरते आणि मागच्या वर्षीच्या वहीला ते ठाऊक नसते. त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरात वही आणि प्रश्न एकत्र धरल्यावर चूक कमी झाली. डिसेंबरअखेरच्या आठवड्यासाठी मात्र मी पोस्ट मोजतच नाही, कारण तेव्हाच्या खोल्या दिवाळीपूर्वीच ठरलेल्या असतात.