तुम्ही विचारलंत म्हणून: त्या कातडीला खाज येते का?

वेंगुर्ल्याला घरी गेले की पडवीत कोणी ना कोणी विचारतंच, "माणसाची कातडी तू डबीत वाढवतेस म्हणे, खरं का?" खरं आहे, प्रयोगशाळेत तेच माझं काम. यंदा मात्र काकूने पुढचं विचारलं. ती आणि बचत गटातल्या चौघी मिळून मुठेलाचं मलम करतात. कोकमाच्या बिया सुकवायच्या, कुटायच्या, उकळायच्या, वर आलेलं तेल गोठलं की मुठीत दाबून गोळे करायचे, तेच हे मुठेल. डबीवर त्यांना 'सूज कमी करतं' असं छापायचं होतं. "तुझ्या थंय तपासून दी मगे," काकू म्हणाली. आणि मग, "त्या कातड्याक खाज येता काय गो?"

गेली कित्येक वर्षं लोक मला हेच वेगवेगळ्या शब्दांत विचारतात, म्हणून एकदा नीट सांगते.

शस्त्रक्रियेत काढलेल्या त्वचेचा तुकडा रुग्णाच्या संमतीने मिळतो. त्यातल्या केराटिनोसाइट, म्हणजे कातडीच्या वरच्या थरातल्या पेशी वाढवून सच्छिद्र पडद्यावर पेरायच्या. खालून पोषक द्रव, वरून उघडी हवा. हवा लागली की पेशी थरावर थर रचतात आणि दोनेक आठवड्यांत वर मेलेल्या पेशींचा कोरडा थर तयार होतो, तुमच्या-माझ्या हातावर असतो तसा. तुकडा जेमतेम नखाएवढा.

एखाद्या पदार्थाने कातडीची जळजळ होते का, हे या तुकड्यावर तपासतात. या आधी हे काम सशांच्या पाठीवर चालायचं. ती ड्रेझ चाचणी 1944 ची. त्वचेची जळजळ तपासायला असे ऊतक वापरण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत 2010 मध्ये मान्य झाली आणि 2014 मध्ये भारताने सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवरच्या चाचण्या बंद केल्या.

चाचणी दिसायला सोपी आहे. पदार्थ लावायचा, ठरलेल्या वेळाने धुवायचा, ऊतक 42 तास तसंच ठेवायचं, मग एमटीटी नावाचं पिवळं द्रावण घालायचं. जिवंत पेशी त्याचं जांभळं करतात. न लावलेल्या ऊतकाच्या तुलनेत निम्म्या किंवा त्याहून कमी पेशी जगल्या, तर पदार्थ जळजळ करणारा.

माझी पहिली फसगत इथेच झाली. कोकमाच्या सोलांचा अर्क लावला होता आणि निकाल इतका जांभळा आला की मी खूश. वरिष्ठांनी तोच अर्क गोठवून मारलेल्या ऊतकाला लावायला सांगितला. तेही जांभळं! पेशींचा काही संबंधच नव्हता, अर्क स्वतःच एमटीटीला रंग आणत होता. तेव्हापासून वनस्पतींच्या अर्काचा छान निकाल आला की मला आधी संशय येतो.

पण काकूचा प्रश्न जळजळीचा नव्हता, सुजेचा होता, आणि तिथे गाडं अडतं. सेल्सस नावाच्या रोमन लेखकाने पहिल्या शतकात दाहाची चार लक्षणं लिहून ठेवली: लाली, उष्णता, सूज, वेदना. माझ्या डबीत यातलं एकही दिसत नाही. लाली यायला रक्तवाहिन्या हव्यात, वेदनेला आणि खाजेला नसा हव्यात. दोन्ही तिथे नाहीत.

मग आम्ही मोजतो काय? पेशींनी धाडलेले रासायनिक निरोप. पेशी फुटली की तिच्या आत आधीच तयार असलेलं इंटरल्यूकिन-1 अल्फा बाहेर येतं. त्रास झालेल्या पेशी इंटरल्यूकिन-8 सोडतात, ते पांढऱ्या पेशींना बोलावणं असतं. खालच्या द्रवात ही बोलावणी मोजता येतात. फक्त येणारं कोणी नसतं. गणपतीआधीच्या आमच्या वाडीसारखं, हाका मारा, घरांना कुलपं.

सूज कमी होते का पाहायचं तर ऊतकाला आधी मुद्दाम डिवचायचं, मग मलम लावून निरोप घटतात का बघायचं. इथेही एक खोच आहे. मेलेली पेशी नवे निरोप पाठवत नाही. म्हणजे विषारी पदार्थसुद्धा 'सूज कमी करणारा' ठरू शकतो! त्यामुळे निरोपांचा आकडा कोणी दाखवला की किती पेशी जगल्या, तेही विचारा.

आणि ॲलर्जी निराळीच. काजूच्या टरफलातलं तेल हात भाजतं हे कारखान्यातल्या बायकांना ठाऊक आहे, पण काहींना नंतर जरासा स्पर्शही बाधतो, कारण शरीराने ते लक्षात ठेवलेलं असतं. ती आठवण रोगप्रतिकारक पेशींची. नुसत्या केराटिनोसाइटच्या तुकड्याला कसली आठवण? त्यासाठी वेगळ्या चाचण्या लागतात.

काकूला एवढंच म्हटलं, की तुझं मलम जाळत नाही, हे डबीतली कातडी कदाचित सांगेल. सूज उतरवतं असं लिहायचं तर ती एकटी पुरणार नाही, माणसांवरच बघावं लागेल. आणि तसं छापलंस तर ते मलम राहणार नाही, औषध होईल, त्याचे कायदे वेगळे.

ती थोडी हिरमुसली. मुठेल भेगांना चालतं हे सगळ्या गावाला माहीत आहे, त्यात काय छापायचं, असं तिचं म्हणणं. मग तिने छपाईवाल्याला फोन लावला. 'सूज कमी करतं' काढ, नुसतं 'भेगांसाठी' ठेव, आणि शब्द कमी झाले तर पैसेही कमी कर.