दुपारची बस

आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या मावशींसोबत आज दुपारी त्यांच्या घरापर्यंत बसने गेले, तेव्हा सकाळी ‘उशीर का झाला?’ असे विचारताना आपण नेमके काय विचारत होतो, हे पहिल्यांदा उमगले. त्यांच्या पाकिटाला दोन कप्पे आहेत; एकात पहिल्या बसचे सुटे पैसे, दुसऱ्यात दुसऱ्या बसचे, कारण बस बदलली की तिकीट नव्याने काढावे लागते. बसचे वेळापत्रक सकाळ-संध्याकाळ कार्यालयात जाणाऱ्यांच्या सोयीने आखलेले, आणि मावशींची कामे संपतात भर दुपारी, जेव्हा दोन बसमधले अंतर वाढलेले असते. आम्ही थांब्यावर पाऊण तास उभ्या होतो आणि तेथे साधे बाकडेही नव्हते. (मला दहाव्या मिनिटाला टॅक्सी बोलवावीशी वाटली, हे कबूल करते.) आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०११ च्या घरकामगारविषयक कराराने आठवड्यातून किमान सलग २४ तासांची सुट्टी मान्य केली आहे, आणि ती मी मावशींना देते याचा मला थोडा अभिमानही होता, त्यांचे प्रवासातले तास मात्र माझ्या हिशेबात कधीच नव्हते. उतरताना मावशी म्हणाल्या, “ताई, आज लवकर पोचलो हो.”